विंचरलेला उतार, कमरेएवढा बर्फ

काराकोल, ९ जानेवारी

जिबेक,

तुझी आई लिहिते आहे. फोन का केला नाही, असं विचारशील. तुमच्या त्या डोंगरातल्या नमद्याच्या तंबूंत फोन लागत नाही. तू जिर्गलान गावात उतरतेस तेव्हा लागतो, पण तेव्हा तू उचलत नाहीस. दोन हिवाळे हेच चाललंय. म्हणून हे शायलोबेकच्या हाती देते आहे. त्याची गाडी रोज प्रवासी घेऊन जिर्गलानला जाते, तिथून पुढे तुमचा घोडेवाला पोचवेल, असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला.

सोबत लोकरीचे मोजे आहेत, कुरुत आहे (वाळवलेल्या दह्याचे गोळे, खारट, तुला लागतात तसे) आणि जरदाळूचा मुरंबा. मोजे मी विणलेले नाहीत, बाजारातून आणलेत. तेव्हा उगाच डोळे ओले करून घेऊ नकोस.

बातमी एवढीच की उतार विंचरणारा आपला रात्राक बसला. नवीन वर्षाच्या दुसऱ्याच दिवशी, लिफ्टच्या दुसऱ्या खांबाजवळ, एकदा मोठ्याने खोकला आणि थांबला तो थांबलाच. यंत्र चालवणारा इस्मार तीन दिवस त्याच्या पोटात डोकं घालून होता. बाहेर आला तेव्हा तोंड एवढंसं झालेलं. सुटा भाग परदेशातून यायचाय आणि तो कुठल्याशा सीमेवर अडकलाय. तोवर उतार दाबायला, विंचरायला काही नाही. आणि वरून बर्फ असा पडतोय की विचारू नकोस. गुडघा, मग मांडी, आता कंबर.

फेब्रुवारीत मुलांची स्नोबोर्डची शर्यत यंदा आपल्याकडे आहे. उतार तयार नसेल तर ती बिश्केककडच्या तळावर नेऊ, असं समितीने कळवलंय. ते म्हणजे दिवसभराचा प्रवास. माझ्या नऊ पोरांपैकी निम्म्यांच्या आया पाठवणारच नाहीत. बेगाइमची तर नाहीच नाही. बेगाइम तू गेल्यावर आली. दहा वर्षांची आहे, वळण घेताना जीभ बाहेर काढते, आणि उतारावर तिच्याइतकी सरळ रेघ मी फार वर्षांत पाहिली नाही.

सध्या मी पोरांना हातात हात धरून आडव्या रांगेत उभं करते आणि पायांनी उतार तुडवून घेते. आमच्या लहानपणी असंच करायचे. दुपारपर्यंत पट्टा तयार होतो. सकाळी पाहावं तर परत गादी अंथरलेली.

काल मीही बोर्ड घेऊन एकदा खाली आले. थोडी घसरले. बाकी सगळं ठीक.

राइकान


तंबू, १३ जानेवारी

मुगालिम-एजे,

मोजे मिळाले. टाचेला तुमची ती दुहेरी वीण आहे. असे मोजे विकणारा बाजार मलाही दाखवा.

"थोडी घसरले" हेही वाचलं. शायलोबेकने घोडेवाल्याला सांगितलं, घोडेवाल्याने मला सांगितलं, की मुगालिम-एजे, एवढ्या मोठ्या शिक्षिकाबाई, दुसऱ्या खांबापाशी डोक्यावर गेल्या, नुसता बोर्ड वर दिसत होता आणि इस्मारने फावड्याने उकरून काढलं. बाहेर आल्याबरोबर तुम्ही त्यालाच झापलंत म्हणे, "फावडं असं धरतात का?"

विचारलेलं नाहीत तरी सांगते, कारण अशाने मान मोडेल.

बुटांच्या पकडी बोर्डावर मागे सरकवून घ्या. तुमच्या पकडी विंचरलेल्या उतारासाठी मधोमध लावलेल्या आहेत; खोल बर्फात त्यामुळे बोर्डाचं टोक बुडणारच. वजन किंचित मागच्या पायावर. बोर्डाच्या कडेवर उभं राहू नका, कड विसरा. आणि मुख्य म्हणजे थांबवायला जाऊ नका. तुम्ही भीती वाटली की ब्रेक लावता. इथे ब्रेक लावला की बुडालात. वेग हाच तुम्हाला वर धरून ठेवतो.

पडलात तर हाताने रेटू नका, हात खांद्यापर्यंत आत जातो. लोळून बोर्ड वर आणा. एकटीने जायचं नाही. झाडांच्या बुंध्याशी पोकळ खड्डे असतात, त्यांच्यापासून लांब. आणि डावीकडच्या घळीवर मुलांना अजिबात नेऊ नका, या वर्षी तिथला थर पक्का नाही.

आमचं बरं चाललंय. पाहुणे आहेत. बर्फ स्वर्गातला आहे.

जिबेक

ता.क. : बाबांना म्हणावं, मागच्या वेळचे बटाटे कुजके निघाले असतील तर माफ करा.


काराकोल, १८ जानेवारी

जिबेक,

तुझ्या बाबांचे बटाटे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहेत. हे दर महिन्याला "जिर्गलानचा बटाटा चांगला" म्हणत तुला भेटायला जातात आणि येताना आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातला बटाटा घेऊन येतात. पिशवीवर दुकानाचं नाव असतं. मी काही बोलत नाही. माणसाला एवढी एक लबाडी असू द्यावी.

पकडी मागे सरकवल्या. इस्मारनेच पेचकस घेऊन सरकवल्या आणि वर विचारलं, "मुगालिम-एजे, आता तुम्हीही त्या पोरांसारख्या झाडीत घुसणार का?" मी म्हटलं, "यंत्र दुरुस्त झालं असतं तर घुसावं लागलं नसतं."

तुझं म्हणणं मी अक्षरशः पाळलं. पहिल्या दिवशी पाच वेळा पडले, दुसऱ्या दिवशी तीन वेळा. ब्रेक लावायचा नाही हे डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. चाळीस वर्षं मी पोरांना सांगतेय की वेग ताब्यात ठेवा. आता तूच मला सांगतेस की सोडा.

आणि खरं सांगू, मला त्यात काही गोडी दिसली नाही. विंचरलेल्या उताराची गोष्टच वेगळी. सकाळी इस्मार यंत्र फिरवून खाली गेला की उतारावर बारीक रेघा असतात, नुकतीच वेणी घालायला घेतलेल्या केसांसारख्या. त्यावर पहिलं वळण घेताना कडेचा जो आवाज येतो, नवं कापड कात्रीने कापल्यासारखा, तो ऐकला की दिवस सत्कारणी लागला असं वाटतं. मागे वळून पाहावं तर आपली एकच रेघ. बरोबर असेल तर बरोबर दिसते, चूक असेल तर चूक दिसते. तुमच्या खोल बर्फात काय दिसतं? खड्डा. कुणाचा, कशाचा, कुणास ठाऊक.

अल्माटीला तू भर शर्यतीत चौथा झेंडा सोडून झाडीत घुसलीस तेव्हाही मला हेच कळलं नव्हतं. पहिल्या तिघींत होतीस. खाली मी घड्याळ धरून उभी. वरून नुसती तुझी आरोळी ऐकू आली. जाऊ दे.

दुसरं एक. इस्मार म्हणतो, बिघाड एका दातेरी चाकाचा आहे. चाक केवढं, ताटाएवढं. त्याच जातीचं, त्याच वयाचं दुसरं यंत्र काराकोलच्या आसपास एकच आहे, असंही तो म्हणतो. पाहुण्यांना डोंगरावर चढवायला तुमच्या तंबूंकडे जे जुनं धूड आहे, ते. ते चाक काढायला अर्धा दिवस लागतो, बसवायला एक दिवस. शर्यत झाली की परत बसवता येतं. इस्मारने हे सगळं सांगितलं म्हणून मी तुला सांगितलं. इतकंच.

समितीचा माणूस एकतीस तारखेला उतार पाहायला येणार आहे.

राइकान


तंबू, २२ जानेवारी

मुगालिम-एजे,

चाकावर एक आख्खं पान लिहिलंत, आणि त्यात एकही प्रश्नचिन्ह नाही! मी दोनदा शोधलं.

एर्मेकला पत्र वाचून दाखवलं. एर्मेक म्हणजे घोडेवाला; तंबू आम्ही दोघांनी मिळून उभे केलेत. तो म्हणाला, "तुझी आई मागत नाहीये, कळवतेय. माझी आजीही असंच मेंढरू कळवायची." मग आम्ही विचार केला. यंत्राशिवाय पाहुण्यांना वर कसं न्यायचं? नोवोसिबिर्स्कचे सहा जण आलेत, फक्त याच बर्फासाठी आलेत. एर्मेक म्हणाला, घोड्यांनी नेऊ. त्यांना विचारलं तर ते टाळ्या वाजवायला लागले, घोड्यावरून डोंगर चढायचा म्हणजे तर फोटोच फोटो. आता चढायला दुप्पट वेळ लागतो, घोडे माझ्याकडे रागाने बघतात, पण चाललंय.

चाक उद्या शायलोबेकच्या गाडीने येईल. शर्यत झाली की परत हवं.

अल्माटीचं तुम्ही काढलंत, म्हणून मीही एकदाच लिहिते. त्या सकाळी रात्रभर बर्फ पडून गेला होता. उतार विंचरून काचेसारखा केलेला, आणि दोरीच्या पलीकडे, हातभर अंतरावर, झाडीत तो बर्फ तसाच होता. निळा. कुणाचं पाऊल नाही. तिसऱ्या झेंड्यापर्यंत मी तुमच्यासाठी उतरत होते. चौथ्याला मला वाटलं, मला हे आत्ता मिळालं नाही तर कधीच मिळणार नाही. गेले. झाडीतही मला तुमचं घड्याळ ऐकू येत होतं, म्हणून तर ओरडले.

खाली आल्यावर सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "ही माझी विद्यार्थिनी नाही." बाबा आजही म्हणतात, विद्यार्थिनी नाही म्हणाली, मुलगी नाही असं कुठे म्हणाली? पण मी सहा वर्षांची असल्यापासून उतारावर तुम्हाला "अपा", आई, म्हणायची बंदी होती. सगळ्यांसारखं "मुगालिम-एजे"च म्हणायचं. आणि आपण दोघी सदानकदा उतारावरच तर असायचो. ती एक जागा गेल्यावर माझ्याकडे दुसरी कुठली उरली, ते मला खरंच कळलं नाही. म्हणून इथे आले. रागाने नाही. जागा शोधत.

असो. बोर्डाच्या मागच्या टोकाला वजन देताना गुडघा ताठ ठेवू नका. तुम्ही ठेवता.

जिबेक


काराकोल, २८ जानेवारी

जिबेक,

चाक आलं. शायलोबेकने ते आपल्या आईच्या ओढणीत गुंडाळून पुढच्या सीटवर ठेवलं होतं, पट्टा बांधून. एका म्हाताऱ्या प्रवाशाने विचारलं म्हणे, "बाळ किती महिन्यांचं?"

इस्मारने ते हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि त्याचा मुका घेतला. मग ते बसेचना. दात जुळत होते, पण मधलं भोक केसभर लहान. त्याने शिव्या दिल्या त्या लिहीत नाही, त्याच्या दुंगान भाषेतल्या होत्या तरी कळल्या. शेवटी बाजारातल्या लोहाराकडे नेऊन घासून आणलं. परत देताना तुमच्या यंत्रात ते थोडं ढिलं बसेल, तर वॉशर घालून देईन म्हणाला. मला वाटलं, आधीच सांगितलेलं बरं.

यंत्र सुरू झालं तेव्हा तिसरा प्रहर होता. पोरं टोप्या उडवत नाचली. इस्मार म्हणाला, "लगेच विंचरायला घेतो." मी म्हटलं, "तासभर थांब."

का म्हटलं, मलाही नीट सांगता येणार नाही. खांबांच्या उजवीकडच्या विरळ झाडीत ताजा बर्फ होता. उद्यापासून मी पुन्हा माझ्या पट्ट्यावर, मग कोण जाणार त्या भानगडीत? इस्मारला खाली वाटेवर उभं केलं, फावड्यासकट, आणि एकटीने नाही तर त्याच्या नजरेसमोर उतरले. तुझं ऐकून गुडघा सैल ठेवला. पहिलं वळण घाबरत घेतलं. दुसऱ्याला टोक बुडतंय असं वाटलं आणि नेहमीप्रमाणे ब्रेक लावणार, तेवढ्यात समोर झाड आलं. ब्रेक लावायला वेळच नव्हता. मी सोडून दिलं.

आणि जिबेक, आवाज गेला. कड नाही, घासणं नाही, काही नाही. मी घाबरले, वाटलं कानाला दडे बसले. मग पाहते तर बर्फ छातीपर्यंत उडतोय, तोंडात जातोय, आणि पायाखाली काही लागतच नाही. दहा-बारा वळणं झाली असतील, मी मोजली नाहीत. मी मोजली नाहीत, हे वाचून तूही हसशील. मध्येच कुणीतरी जोरात ओरडलं. ती मीच होते.

खाली पोचले तर इस्मार फावडं टाकून धावत आलेला. "मुगालिम-एजे, चावलं का काही?"

"गप बस," म्हटलं, "आणि यंत्र लाव."

आज सकाळी विंचरलेल्या उतारावर पहिली मी गेले. तो कापडाचा आवाज ऐकला. मला अजूनही तोच आवडतो. हे तुला स्पष्ट कळावं, म्हणून लिहिते. पण कालचंही खोटं नव्हतं.

तू लिहिलेल्या दुसऱ्या गोष्टीचं, त्या जागेचं, उत्तर नंतर लिहीन. वाचली. पुन्हा वाचली. यांनाही वाचून दाखवली. हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ लाकडं फोडत बसले, घरात लाकडं भरपूर असताना.

हा एर्मेक कोण, कुठला?

राइकान


तंबू, २ फेब्रुवारी

मुगालिम-एजे,

"मी मोजली नाहीत" हे वाक्य मी नोवोसिबिर्स्कवाल्यांना रशियनमध्ये करून सांगितलं. आधी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं होतं, म्हणजे घड्याळ, झेंडे, पायांनी उतार तुडवणारी नऊ पोरं. त्यांनी चहाचे पेले उचलून तुमच्या नावाने आरोळी ठोकली. त्यातला एक पन्नाशीचा आहे, तो विचारतोय की मुगालिम-एजे विंचरलेल्या उतारावर वळण शिकवतील का? त्याला खोल बर्फात सगळं येतं, कडक उतारावर मात्र पाय लटपटतात. मी सांगितलं, "शिकवतील, पण रडवतील."

एर्मेक घोडेवाला आहे. इथलाच आहे. आणखी काय सांगू? चांगला आहे.

घासलेल्या चाकाचं कळलं. काही हरकत नाही.

समितीचा माणूस आला का? काय म्हणाला? बेगाइमला सांगा, जीभ बाहेर काढायची तर दातांच्या मध्ये ठेवू नकोस, पडली तर तुटेल. मला असं कुणी तरी सांगायचं, आठवतंय.

जिबेक


काराकोल, १२ फेब्रुवारी

जिबेक,

शर्यत काल झाली. इथेच झाली.

सकाळी उतार आरशासारखा होता. पहिल्या फेरीत बेगाइम सातवी. बिश्केकचे दोन प्रशिक्षक आलेले, त्यांची पोरं अशी तयार की पाहत राहावं. मी स्वतःशी म्हटलं, राइकान, तुझी पोरं तीन आठवडे बर्फात लोळत होती, सातवी आली हेच नशीब.

दोन फेऱ्यांच्या मध्ये आभाळ खाली आलं. तू ओळखतेस आपलं आभाळ, सरोवराकडून ढग आला की तासाचं काम पंधरा मिनिटांत करतो. बघता बघता झेंडे अर्धे दिसेनासे झाले. इस्मार यंत्र घेऊन निघाला तर उतारभर आया, आज्या, थर्मास, कुत्री. कुणी हलेना. पंच आपसात भांडले. एक म्हणाला शर्यत थांबवा, दुसरा म्हणाला मग पुढचा आठवडा कुणाच्या बापाचा. शेवटी ठरलं, आहे तशी दुसरी फेरी घ्यायची.

दोन वीत ताजा बर्फ, जिबेक. झेंड्यांच्या मध्ये. बिश्केकची पोरं आली आणि पहिल्याच वळणाला ब्रेक लावला. मी बघूनच समजले. बुडाली. एक जण तर गुडघ्यावर बसून रडायला लागला बिचारा. मग आमची पोरं सुटली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. पण तीन आठवडे ती रोज त्यातच पडत-उठत होती. गुडघे सैल, वजन मागे, आणि हसताहेत. शर्यतीत हसताहेत! बेगाइम आली ती जीभ आत ठेवून, तोंड गच्च मिटून, आणि एकदाही थांबली नाही.

एकूणात दुसरी आली. आमचा एक पठ्ठा पाचवा. एक जण थेट पंचांच्या टेबलात घुसला, त्याचं काही लागलं नाही, टेबल गेलं.

बिश्केकच्या प्रशिक्षकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, काय सराव घेतलात?"

मी म्हटलं, "रात्राक बिघडला होता."

त्याला वाटलं मी लपवतेय.

चाक इस्मार परवा काढतो म्हणाला. इथे तीन आठवड्यांनी दुसरं येईल, सीमेवरून सुटलंय. तोवर उतार पुन्हा तुमच्यासारखा राहील. पोरांना सांगितलं तर ती एकसुरात "हुर्रे" म्हणाली. अशी पोरं!

राइकान


काराकोल, २१ फेब्रुवारी

जिबेक,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जे होईल ते होईल.

चाक तुमच्याकडे पोचलं. इकडे बर्फ पुन्हा मांडीपर्यंत, आणि पोरं मला उतारावर झेंडे लावू देत नाहीत. "मुगालिम-एजे, झाडीत जाऊ या." नेलं. विरळ झाडीत, इस्मारला खाली उभं करून. नऊपैकी पाच झुडपांत अडकली. बेगाइम विचारते, "खाली काही लागतच नाही तेव्हा काय करायचं?" झेंडा लावून मी दगडालाही शिकवीन. "सोडून दे" हे कसं शिकवतात, मला येत नाही. मला तू शिकवलंस, तेही पत्रातून, तेही मी तुझं ऐकत नसताना.

म्हणून विचारते. आणि या वेळी प्रश्नचिन्ह घालते. शनिवार-रविवार येशील का? पोरांचे दोन गट करू. सकाळी माझ्याकडे, दुपारी तुझ्याकडे. दुपारी मी तुझ्या गटात मागे उभी राहीन, मध्ये बोलणार नाही. प्रयत्न करीन.

तू जागेबद्दल लिहिलं होतंस. मी फार विचार केला, तुझे बाबा म्हणतात, आजारी पडशील. मला असं लिहिता येत नाही, पण लिहिते. मी उतारावर तुला "अपा" म्हणू दिलं नाही, कारण बाकीच्या पोरांना वाटलं असतं की मुलीला झुकतं माप देते. तुझ्याशी मी त्यांच्याहून कडक वागले, म्हणजे कुणी काही बोलू नये. ते बरोबर होतं की चूक, ते मला आजही सांगता येत नाही. पण तू म्हणतेस तशी तुझ्याकडे एकच जागा होती, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, दुसरी तर जन्मापासूनच आहे, तिच्यासाठी काही करावं लागत नाही, सांगावंही लागत नाही.

सांगावं लागतं असं दिसतं. तर सांगते. आहे.

*

जिर्गलान, त्याच दिवशी, दुपारी

पत्र इथेच संपवून शायलोबेकच्या हातात द्यायला गेले होते. गाडी भरत होती. खिडकीजवळची एक जागा रिकामी होती. शायलोबेक म्हणाला, "आणा, एजे, पत्र." मी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्या जागेकडे पाहिलं. घरी गेले, बोर्ड घेतला आणि परत आले. तेवढा वेळ गाडी थांबली. प्रवासी कुरकुरले, तर शायलोबेक त्यांच्यावर ओरडला, "काराकोलच्या निम्म्या पोरांना यांनी उभं राहायला शिकवलंय, पाच मिनिटं बसवेना का तुम्हाला?" तुझ्या बाबांना दारातूनच सांगितलं. यांनी मफलर आणून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "रस्त्यात त्याच्या गाडीचं दार धरून बस, उघडतं ते." म्हणजे बघ किती वेळा बसलेत त्या गाडीत.

आता चहाच्या टपरीत बसलेय. हात गारठलेत म्हणून अक्षर असं. तुमचा एर्मेक आला. उंच आहे. मला बघून टोपी काढली आणि ती पुन्हा घालायचं विसरला. कान लाल झालेत. मी म्हटलं, "पत्र आहे, जिबेकला द्यायचं." त्याने हात पुढे केला. मी म्हटलं, "पत्र राहू दे माझ्याकडेच. हा बोर्ड बांध घोड्याला, आणि मला वर बसायला हात दे."

तो म्हणतोय निघायला हवं, वर ढग येतोय, ताजा बर्फ पडेल. पडू दे.

तुझी अपा